माकिनोंच्या विमानावरची काजळी

शिझुओका, ६ डिसेंबर १९८७

तीर्थरूप तोकुजीकाकांना सुनाओचा शिरसाष्टांग नमस्कार.

माकिनोबाईंकडून दर हिवाळ्यात येणारं वाळवलेल्या पर्सिमन फळांचं खोकं यंदा अजून आलं नाही, त्या आजारी तर नाहीत ना, असं तुम्ही काकूंकरवी विचारलंत. बाई ठणठणीत आहेत. कारण मी आहे.

युद्धात तुम्ही त्यांच्या भावाच्या विमानाचे मेकॅनिक होतात. तो परत आला नाही त्या सकाळीही तुम्ही ते लख्ख पुसून दिलं होतंत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच विमानाचं वीतभर प्लास्टिकचं मॉडेल मी सहा महिने खपून केलं. पण स्वच्छ विमान परीक्षकांना खेळण्यासारखं वाटतं. म्हणून रंगाचे टवके उडवले, इंजिनाच्या धुराड्यांमागे काळ्या खडूच्या पुडीची काजळी फासली आणि पाटीवर मेकॅनिक म्हणून तुमचं नाव लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं.

प्रदर्शनाला माकिनोबाई आल्या. भाऊ खरंच एवढ्या घाणेरड्या विमानातून गेला का, असं त्यांनी विचारलं. परीक्षक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, हो, अभ्यास करूनच केलंय. त्या वाकून नमस्कार करून निघून गेल्या. महिना झाला, त्या ‘हो’ची लाज जात नाही.

रागवा, पण पत्र पाठवा.
तुमचा, सुनाओ

हामामात्सु, १० डिसेंबर

चि. सुनाओस काकाचे आशीर्वाद, तुझी पात्रता कमी असूनही.

पोराला फार बोलू नका असं काकू म्हणते, म्हणून थोडंच बोलतो: गाढव आहेस. चाळिशी उलटली तरी बक्षिसाच्या कपासाठी खोटं बोलतोस!

टवक्यांचं मात्र ऐक. टवके होते. शेवटी शेवटी रंग भिकार मिळायचा, आणि मीच तो पुसून पुसून घालवला. पंखाच्या बुडाशी, माकिनो पाय ठेवून चढायचा तिथे, पत्रा उघडा पडला होता. तोकुजी, शत्रूच्या आधी तूच हे विमान संपवणार, असं तो चिडवायचा. काजळी मात्र मी एक दिवस राहू दिली नाही.

पर्सिमन गेले खड्ड्यात. बाईंना पत्र लिहू नकोस. विमान घेऊन स्वतः जा. मी रदबदली करणार नाही.

अजून तरी तुझाच,
तोकुजीकाका

शिझुओका, २० डिसेंबर

तीर्थरूप काकांना नमस्कार.

काल इइदाला माकिनोबाईंच्या घरी जाऊन आलो. खोटं बोललो हे सांगितलं, तुमचं पत्र वाचून दाखवलं. बाई ओलं फडकं आणून काजळी पुसू लागल्या. रंग निघेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणजे तेव्हाही मला काळजी मॉडेलचीच!

काजळी गेली तरी त्यांचा हात थांबेना. पंखाच्या बुडाशी खालचा चंदेरी थर दिसला, तेव्हा थांबला. इथेच पाय ठेवायचा ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

विमान त्यांनी ठेवून घेतलं. पर्सिमन माझ्या हाती दिले नाहीत. तुम्हाला टपालानेच येतील, म्हणाल्या.

तुमचा लोभ उरला असेल तेवढा राहू द्या.
सुनाओ