मधल्या अक्षरांचे शब्द

मामंजी, देवघर आवरून बसले आहे. कागद पाठकोरा आहे, जुन्या कॅलेंडरचा; तुमच्यासाठी कोरा काढायला हात पुढे झाला नाही. तुमच्या श्राद्धाचा स्वयंपाक आजच झाला. खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी, सगळं शास्त्राप्रमाणे. त्यात मी कधीच उणं ठेवलं नाही. पण दरवर्षी तुमच्या नावाचं पान वाढताना मनात जे येतं ते देवापुढे बोलण्यासारखं नसतं, म्हणून इथे लिहिते.

तुम्ही कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालात आणि रविवारी आपल्या ओटीवर वकीलसाहेब आणि पोस्टमास्तर येऊ लागले. तुमचा तो खेळ. एकाने तीन-चार इंग्रजी अक्षरं द्यायची, आणि ती त्याच क्रमाने, सलग, पोटात असलेला शब्द बाकीच्यांनी पुढच्या रविवारी आणायचा. डिक्शनरी लावलेली असते पहिल्या अक्षरावरून. मधली अक्षरं शोधायची तर पानामागून पान अख्खं वाचावं लागतं, आणि एवढी सवड घरात माझ्याशिवाय कुणाला नव्हती. तीही महिन्यातले चार दिवस, बाजूला बसल्यावर. मागच्या पडवीत घोंगडी, तांब्या-भांडं, आणि हात लावायला काही नाही. पोथीही नाही. अशाच एका दुपारी तुम्ही येऊन पायरीवर डिक्शनरी ठेवलीत. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, ती शिवेल पुस्तकाला." तुम्ही म्हणालात, "इंग्रजी पुस्तकाला विटाळ नसतो."

मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही. मॅट्रिक झाल्यावर इंग्रजी पुस्तक पुन्हा हातात आलं ते त्या दिवशी. गव्हाण गावची भाजीवाली मागच्या दाराशी पाटी टेकवून बघत राही. "तुमी बऱ्या बसून रवताव, वहिनी," ती म्हणे. "आमाला मिठागरान चार दिस सुट्टी नाय." मी हसून पान उलटत असे.

पहिला शब्द सापडला तो नेमका सासऱ्यांपुढे उच्चारण्यासारखा नव्हता. आर, आर आणि एच. मी लाजत लाजत म्हटलं, "पोटाचा विकार आहे, मामंजी." तुम्हाला कळेना, शेवटी पाटीवर 'डायरिया'चं स्पेलिंग लिहून दाखवलं. रविवारी मी न्हाऊनमाखून स्वयंपाकघरात होते, बश्या पुसत ऐकत होते. वकीलसाहेब म्हणाले, "शिरस्तेदार, हा पोटातून काढलात वाटतं." सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "वाचन लागतं, वकीलसाहेब." मग पी, एच, टी, एच आली. तो शब्द मी डिक्शनरीत शोधलाच नाही. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या पुड्यावर छापलेला होता, 'नॅप्थलीन', लुगड्यांच्या घड्या करताना रोज दिसायचा. त्याही रविवारी तुम्हीच वाचन केलेलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. घरातलं माणूस जिंकलं की घर जिंकतं, असं मी तेव्हा मानत असे.

आणि त्याच आठवड्यात मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. अजून दिसतं मला. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आहेत, तुम्ही झोपाळ्यावर, आणि मी दाराआड, हाताला कणीक तशीच. खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला कुणी नाही, तुमच्या सूनबाई मॅट्रिक आहेत, दुपारचे दोनच तास, असं बाई सांगताहेत. तुम्ही झोपाळा थांबवलाही नाहीत. "तिला कुठलं इंग्रजी? नुसती अक्षरओळख आहे. आणि आमच्या घरात अजून सोवळंओवळं आहे. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणारी बाई तुमच्या वर्गात शिवाशिव करत कशी फिरेल?" बाईंनी यांच्याकडे पाहिलं. तुमच्या चिरंजीवांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. बाई चहा न घेता गेल्या.

विटाळ पुस्तकाला नव्हता, शाळेला होता. हे तुम्ही ठरवलंत. आरडाओरडा मी केला नाही, आमच्याकडे सुना करत नसत. पण पुढच्या वेळी तुम्ही पडवीच्या दाराशी आलात, "सूनबाई, डब्ल्यू, के, पुन्हा डब्ल्यू," म्हणालात, तेव्हा मी तुमच्याकडे बघून म्हटलं, "मला कुठलं इंग्रजी, मामंजी? नुसती अक्षरओळख आहे."

'ऑकवर्ड' माझ्या ओठांवर होता. तुम्ही तोंड वाचायला उभे राहिल्यासारखे उभे होतात. मी तांब्या तोंडाला लावला.

त्यानंतर एकही शब्द दिला नाही. ओटीवरचं हसू तुमच्यावर फिरलं, तेही मी बश्या पुसत ऐकलं. "शिरस्तेदार, चष्म्याचा नंबर वाढला का?" एकदा तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "शाळेचं मी पुन्हा बोलून बघू का बाईंशी?" मी म्हटलं, "जागा भरली." खरंच भरली होती. पेणहून एक मुलगी आली होती, माझ्याहून कमी शिकलेली. दुपारी तिच्या वर्गाचा कविता म्हणण्याचा आवाज आपल्या विहिरीपर्यंत येत असे, आणि मी कपडे जास्त जोराने आपटत असे. पावसाळा संपता संपता तुम्ही रविवारी ओटीवर बसायचं सोडलंत. डोकं दुखतं म्हणून आत पडून राहायचात. मी सुंठ उगाळून लेप दिला, आणि माजघरात येऊन मला बरं वाटलं. अजून वाटतं. देवासमोर बसून हे जावं असं मागून पाहिलं, पण मागताना माझाच आवाज खोटा येतो.

आता माझे ते चार दिवस कायमचे संपले. कुणी बाजूला बसवत नाही, कुणी अक्षरंही देत नाही. दुपारी भांडी झाली की मीच तीन अक्षरं मनाशी धरते आणि पानं उलटत बसते. कधी दोन-दोन दुपारी जातात. एक कबूल करते, कारण हे कुणी वाचणार नाही. शब्द सापडला की अजूनही तो पहिल्यांदा तुम्हाला सांगावा असं वाटतं.

सांगत नाही.