फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ

प्रिय छोटे,

तुझा राजीनामा मिळाला. तो मी मंजूर केलेला नाही. रागाच्या भरात लिहिलेलं मी शाळेत चालवून घेत नाही, भाचीचंसुद्धा नाही.

तुझ्यावर संशय घेतला, हे खरं आहे. मुख्याध्यापिकेने घ्यायलाच हवा होता. दोन्ही तुकड्यांना गणिताचा पेपर एकच, तोही तू काढलेला. तुझी अख्खी तुकडी पास आणि दुसऱ्या तुकडीला शिकवणाऱ्या तुझ्या काकांची निम्मी नापास. त्यात संस्थेच्या सचिवांकडे कोणीतरी तोंडी तक्रार केली, की तुझी पोरं आधीपासूनच म्हणत होती, "फरशांचं गणित येणारच, बाईंनी सांगितलंय." पेपर फुटला म्हणायला आणखी काय हवं? तू म्हणालीस, आज काय करता आलं पाहिजे ते मी तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि परीक्षेत तेच विचारते. मला ती पळवाट वाटली.

तू घरी बसलीस तेव्हा मी टेप घेऊन तुझ्या वर्गात गेले. म्हटलं, चला, माझं ऑफिस मोजा आणि फरशा किती लागतील ते सांगा. पोरं जमिनीवर रांगायलाच लागली. ती दोन वेण्यांची आगाऊ कार्टी मला विचारते, "बाई, कपाटाखाली पण बसवायच्या का? तिथे कोण बघतंय!" उत्तर पाठ केलेलं पोर असं विचारत नाही. परत वर्गात आले तर तुझी ओळ फळ्यावर तशीच होती: 'कोणतीही खोली मोजून तिला किती फरशा लागतील ते सांगता येईल.' पेपर फोडणारी बाई तो फळ्यावर कशाला लिहील?

मग काकांच्या तुकडीत डोकावले. काय शिकताय, विचारलं. "पान चाळीस." ते कशासाठी? "पुढे एक्केचाळीस आहे म्हणून." आधी हसू आलं, मग आलं नाही.

घरी काकांचंही मला काही ठीक दिसेना. भाजी निवडताना नजरेला नजर देत नव्हते. परवा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्या फरशांच्या भानगडीचं काय झालं गं?" तक्रारीत फरशा आहेत हे मी घरी बोलले नव्हते. सचिवही बोलणारे नव्हेत. मी सुरी खाली ठेवली.

सोमवारी संस्थेची माणसं तुझा तास बघायला येणार आहेत. माझ्या एकटीच्या सहीवर तू सुटलीस, तर लोक म्हणतील मावशीने सांभाळून घेतलं. म्हणून ये, आणि नेहमीसारखीच शिकव. तक्रार करणाऱ्यालाही त्यांनी बोलावलंय. तिथे त्याला एकदम समोर पाहून तुझा तास बिघडू नये, म्हणून आज हे लिहिते आहे. ते तुझे काका आहेत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माझी पोरं तिच्याच तुकडीत जायचं म्हणतात." मी मागच्या बाकावर असेन. त्यांच्या शेजारी नाही.

तुझीच,
मावशी