गाडी तू चालवायचीस

आई,

गाडी विकली. प्रतापनगरचं घर बिल्डरला दिलं हे तुला आवडलं नसतं, पण ते एक वेळ जाऊ दे. नव्या इमारतीच्या तळघरात आपली मॅटाडोर शिरत नाही, टप वर घासतो, आणि रस्त्यावर उभी ठेवली तर रोज कोणीतरी तिच्या काचेवरच्या धुळीत बोटानं काहीबाही लिहून जातं. म्हणून विकायची ठरली. वाईट वाटायचं तेवढं वाटलंच. पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. मी संतापले आहे, आणि ज्यांच्यावर संतापले आहे त्यांच्यात तूही आहेस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

सुरुवात दादाने केली. पुण्यात बसून त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. ‘बाबांची लाडकी गाडी. आत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, जाळीच्या खिडक्या. हिच्यातून बाबांनी आम्हाला अख्खा विदर्भ फिरवला.’ त्याखाली फोटो, आणि फोटोखाली लोकांचे बदाम आणि जोडलेले हात. कोणी लिहिलं होतं, असे वडील आता राहिले नाहीत. मी ओट्यापाशी उभी राहून ते वाचत होते, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. बाबांनी फिरवला? बाबांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. घाट लागला की ते डोळे मिटून लिंबू हुंगत बसायचे. गाडी तू चालवायचीस, आई. पारशिवनीकडच्या खेड्यांत तू नर्स म्हणून फिरायचीस, दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर दर दोन दिवसांनी दांडी मारायचा, त्या दांड्यांना वैतागून तू त्याच्याकडूनच जीप शिकलीस. लिलावात निघालेली जुनी रुग्णवाहिका तूच हेरलीस. स्ट्रेचर ठेवायच्या जागी सुताराकडून फळ्या बसवून घेतल्यास, गांधीबागेतून जाड कापड आणून मशीनवर पडदे शिवलेस. औषधाचा वास मात्र पुढची कित्येक वर्षं गेला नाही. दिवाळीची सुट्टी लागली की तू पदर खोचून पुढे बसतेस, बाबा शेजारी, आम्ही दोघं मागे, आणि कामठी मागे पडली की तू गाणं म्हणायला लागतेस. हे सगळं दादाने पाहिलंय. माझ्याच शेजारी बसून पाहिलंय.

आणि तो फोटो! तो फोटो कुठला आहे ते तुला आठवत असेल. खिंडसीच्या तळ्याकाठी आपण मुक्काम केला होता. सकाळचं कोवळं ऊन, रामटेकच्या टेकडीवर देवळं दिसतायत, तू चाकाच्या सावलीत पाय पसरून पेपर वाचतेयस आणि बाबा शेगडीवर वांग्याची भाजी करतायत. घरी त्यांनी कधी कपसुद्धा विसळला नाही, काका-काकू काय म्हणतील म्हणून. पण गाडीत बसलो की ते दुसरेच व्हायचे. मसाल्याचा डबा त्यांचा, पातेली त्यांची, तिखट किती हे विचारायचीसुद्धा आम्हाला परवानगी नव्हती. गुणगुणत, झाकण उघडून वास घेत, दाण्याचं कूट हातावर तोलून टाकत. इतकं सुखी मी त्यांना घरी कधी पाहिलं नाही. तेवढ्यात बाबांच्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब तळ्यावर आले. लांबूनच ओळख पटली, हात हलले. बाबांनी पळी तुझ्या हातात कोंबली, कमरेचा टॉवेल काढून आत फेकला आणि उडी मारून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. आणि तू? तू पेपर घडी करून ठेवलास आणि भाजी ढवळायला लागलीस. हसत!

साहेब म्हणाले, “वा! तुम्ही एवढी मोठी गाडी चालवता? आमाले तर मालूमच नव्हतं.” बाबा म्हणाले, “चालवतो, जमते तशी.” मी ओरडलेच, “पण गाडी तर आई चालवते!” तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की मी कळवळले. साहेबांनी फोटो काढला, आपल्याला पाठवूनही दिला. बाबा स्टिअरिंगमागे, तू शेगडीपाशी. ते गेल्यावर मी रडत विचारलं, “काहून खोटं बोलले बाबा?” तेव्हा तू म्हणालीस, “चूप बस वं. त्याह्यले उद्या त्याच ऑफिसात जाऊन बसायचं आहे. तुले काय जाते?” भाजी बुडाला लागली होती. तुला ढवळणंसुद्धा धड येत नव्हतं. बाबांनी ती करपलेली भाजी मुकाट्यानं खाल्ली, आणि परतीच्या वाटेवर तू गाणं म्हटलं नाहीस.

तर त्या फोटोवर भुलून एकजण आला. पेंचच्या रस्त्यावर त्याचं रिसॉर्ट आहे. गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं गोड. गाडी फाटकापाशी उभी करणार म्हणाला, पाहुणे फोटो काढतील. मला त्यातही काही वावगं वाटलं नाही, पावसात सडण्यापेक्षा बरं. मग त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. आपली गाडी, निळ्याऐवजी पिवळी केलेली. इंजिन काढून टाकणार म्हणाला. स्टिअरिंगमागे मिशीवाला पुतळा, डोक्यावर टोपी. मागच्या दारात नऊवारीतली बाई, शेगडीवर भाकरी भाजतेय. वर पाटी, ‘बाबांची गाडी, आईची भाकर’.

मी म्हटलं, “हे उलटं आहे. गाडी आई चालवायची. स्वयंपाक बाबा करायचे.”

तो हसला. “मजाक करून राहिल्या का ताई?”

“मजाक कशाची? माझी आई होती ती.”

“असन, ताई. पण लोकायले हे पटन का? लोक फॅमिली घेऊन येतात, त्याह्यले जुना जमाना पाहिजे.”

“हाच जुना जमाना आहे! मी होते त्यात!” माझा आवाज इतका चढला की समोरच्या गॅलरीत माणसं आली. तरी तो म्हणतो, “तुम्ही शांततेनं दादासोबत बोलून घ्या ना, त्याह्यचं तर हो आहे.” माझ्यासमोर उभा राहून मला सांगतो! मी त्याला फाटकाबाहेर काढलं. चहा अर्धा राहिला होता, तो कप मी त्याच्यादेखत तुळशीपलीकडे रिकामा केला.

संध्याकाळी दादाचा फोन. “तू काहून भडकून राहिली एवढी? चांगला गिऱ्हाईक होता.”

“तुला माहीत नाही गाडी कोण चालवायचं?”

तो म्हणाला, “माहीत आहे. पण बाबा पळी घेऊन बसायचे हे आता गावभर कशाला सांगायचं? बरं दिसते का?”

बघ आई. तू गेलीस, बाबा गेले, ऑफिस गेलं, ते साहेब गेले, आणि अजून कोणाला काय दिसेल याची काळजी माझा भाऊ वाहतोय. हे तू शिकवलंस त्याला. तू पळी हातात घेतलीस तेव्हा शिकवलंस. मला चिमटा काढलास तेव्हा शिकवलंस. रात्रीच्या घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी तुझा हात कापायचा नाही, मग एका साहेबापुढे तोंड उघडायला काय झालं होतं? बाबांची लाज राखलीस म्हणावं, तर त्यात लाजेचं होतं तरी काय? भाजी चांगली व्हायची!

शेवटी भंडाऱ्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. कोणाची गाडी, काय आठवणी, एक प्रश्न नाही. पोतं अंथरून तो सरळ गाडीखाली शिरला. बायको आत जाऊन फळ्यांवर बसून पाहत होती. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी त्याच्या बाहेर दिसणाऱ्या पायांना सांगितलं, “ही माझ्या आईने चालवली. आणि या शेगडीवर बाबा रांधायचे.”

गाडीखालून आवाज आला, “असं का? मायचा हात सफाईचा होता मग. गिअर असे कोणी राखत नाही आजकाल.”

आतून त्याची बायको म्हणाली, “अन् बाबा काय रांधत होते वं?”

मी सांगत सुटले. वांग्याची भाजी, दाण्याचं कूट, फोडणीची खिचडी, ताकाची कढी. तिनं कढीत बेसन किती ते विचारलं. ते फक्त बाबांना माहीत होतं.

गाडी त्यांना दिली. जाताना ती गल्लीच्या वळणावर दोनदा अडखळली, मग निघाली. दादाला मी कळवलं. त्याने जाहिरात काढली आहे.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, कपाटात राहील. इतकं भांडले तुझ्यासाठी, तुझ्याशीसुद्धा. पण एक सांगते, चिडू नकोस. गाडी वळणाआड गेल्यावर मी घरात येऊन खूप रडले, तेव्हा मला तुझी आठवण आलीच नव्हती. बाबांची आली होती.