ओळखीची सही

२ फेब्रुवारी २००९, सोमवार
हुश्श! लागली एकदाची नोकरी. कल्याणीनगरच्या त्या काचेच्या इमारतीतल्या फर्मने डिसेंबरात मंदीचं निमित्त काढून आम्हा अकरा वकिलांना नारळ दिला. तेव्हापासून बाबांच्या पेन्शनवर आम्ही तिघं: बाबा, मी आणि माझी सात वर्षांची ओवी. आजपासून शनिवार पेठेत, ॲडव्होकेट रंगरावांकडे. वाघोलीहून लांब पडतं, पडू दे. दोन खोल्या, एक बाक, कुरकुरणारा पंखा. सर म्हणाले, आमच्याकडे एसी नाही आणि माणसं काढायची पद्धतही नाही. मी खूश! बाबांनी पेढे आणले, त्यातले चार ओवीनेच पळवले.

५ फेब्रुवारी, गुरुवार
काम सोपं आहे. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला ‘मी ओळखते’ अशी वकिलाची सही लागते. आता खरं कोण कोणाला ओळखतं? सगळं कोर्ट असंच चालतं. कागद पुढे आला की ठोक सही. इथे दिवसाला वीस. सरांचा आग्रह एकच, सही करण्याआधी माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघायचं. बघते बापडी.

११ फेब्रुवारी, बुधवार
गंमतच झाली. जिन्यात एका बाईंनी हातावर लाडू ठेवला, नव्या नोकरीचं विचारलं. मी आपली नुसती हसले. ओवी म्हणाली, अगं आई, श्यामलाकाकू ना! खालच्या मजल्यावर चार वर्षं राहतात म्हणे. उलट बसस्टॉपवर गुरुवारच्या सह्यांमधला एक माणूस दिसला, तर त्याचं नाव, गाव, त्याला वांगं चालत नाही, त्याने एकदा आईवर हात उचलला होता, सगळं मला माहीत! तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सरांना विचारलंच. म्हणाले, ओळखते म्हणून सही करता ना? मग ओळख व्हायलाच हवी, खोटा कागद आपण करत नाही. डोक्यात जागा बेताचीच. नवा आला की जुना उठतो, तो परत येत नाही. त्यांच्या टेबलावर एका बाईचा आणि दोन मुलांचा फोटो होता. कोण हे, विचारलं. म्हणाले, कोणास ठाऊक, पण असतात माझ्याच टेबलावर.
तशीच बाहेर आले. चार फर्मना फोन केले. सगळीकडे एकच पालुपद, मंदी आहे, मार्चनंतर बघू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
घरात एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. मी ओरडले, बाहेर व्हा म्हटलं. ते उठले, मला ‘मैत्री, बाळा’ अशी हाक मारली आणि रडायलाच लागले. ओवी सांगते, ते माझे बाबा. भीमराव. नाव तिनेच लिहून दिलं.
तिला मी अजून — तिच्या केसांचा वास, पडलेला दात, सगळं आठवतंय. बास झालं. सोमवारी राजीनामा.

२३ फेब्रुवारी, सोमवार
दिला. सर म्हणाले, खुशाल जा, पण बाकावरचे चार संपवून. नाहीतर अनुभवाचं पत्र नाही. पत्राशिवाय मला दारात कोण उभं करणार? या दिवसांत? — आठवणारी माणसं मोजली. ओवी धरून सहा. चार गेली तर दोन उरतात. ओवी उरेल. उरेलच ना? — चेहरे बघायचेच नाहीत असं ठरवून बसले — तीन झाले — चौथा वाकून समोर आला आणि —

२४ फेब्रुवारी
घरात एक मुलगी आहे. शाळेच्या गणवेशात. माझी ओढणी धरून हमसून हमसून रडतेय. एक म्हातारा भिंतीला टेकून बसलाय. कुणाची कोण! दूध दिलं, केस विंचरले. पण कसली आई म्हणायची ही, एवढंसं लेकरू टाकून गेली? संताप येतो अशा बायकांचा. चौकीवर नेते हिला. नाव विचारलं तर म्हणते, आई, मी —