दोनमधलं 'येर'

३ ऑक्टोबर, सकाळ
पार्गेवचा पेपर छापून आला. माझं नाव एकदाच, तेही फूटनोटमध्ये. मी त्याचा गाइड होतो. फूटनोटमध्ये मला 'आदरणीय' म्हटलंय. मेलेल्यांना म्हणतात तसं.
निश्चय : उत्तर लिहायचं. थंड डोक्याने. रागाचा एक शब्द नको.
पहिलं वाक्य लिहिलं. त्यात 'गाढव' आलं. खोडलं.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
वाद कागदावर मांडून ठेवतो. डोकं थंड राहील.
दोन या आकड्याचं मूळ *द्वो. हजारो वर्षांपूर्वीचं, कोणी न ऐकलेलं, म्हणून आम्ही त्याच्या डोक्यावर तारा ठेवतो. त्याचं संस्कृतात द्वौ झालं, लॅटिनमध्ये दुओ, रशियनमध्ये द्वा. आम्हा आर्मेनियनांकडे येरकू. 'द्व'चा 'र्क' झाला, बोलायला सोपं जावं म्हणून पुढे 'ये' लागला. परदेशी लोक हसतात. हसोत. नियम आहे. माझं सगळं आयुष्य या नियमावर उभं आहे.
पार्गेव म्हणतो, 'द्व'चा नुसता 'क' झाला. 'येर' हे दोनचं नाहीच. ते शेजारच्या तीनकडून, म्हणजे येरेककडून, आलं. मेक, येरकू, येरेक असं मोजताना तोंड पुढच्या आकड्याकडे धावतं म्हणे.
दोन स्वयंपूर्ण आहे. त्याला तीनकडून काहीही नको.
नेमकी हीच वेळ माझ्या बायकोने, वार्सेनिकने निवडली. तिची आई ग्युमरीत एकटी राहते, भूकंपानंतर मिळालेल्या लोखंडी खोक्यात. छत गळतं, गुडघे धरलेत. हिवाळ्याआधी तिला इकडे येरेवानला आणू, म्हणाली. मी विचारलं, ठेवणार कुठे? खोल्या दोन. एक आपली, एक माझी अभ्यासिका. ती म्हणाली, अभ्यासिकेत. मी म्हटलं, चौदा तारखेला पार्गेवशी सेमिनार आहे, तो होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, हिवाळ्याला तुझ्या सेमिनारची तारीख माहीत नाही.
अभ्यासिकेत! मूळ धातूंच्या मधोमध पलंग.

५ ऑक्टोबर
वार्सेनिकने धमकी दिली. आई इकडे येणार नसेल तर मी तिकडे जाते. मी म्हटलं, जा. अशा वेळी ठाम राहावं लागतं. ती जाणार नाही. मी बायकोला ओळखतो.

६ ऑक्टोबर
गेली.

७ ऑक्टोबर
घर शांत. कामाला उत्तम. हे आधीच व्हायला हवं होतं.
उत्तराचं एक पान झालं. अर्ध्या पानात पार्गेवच्या विद्यार्थिदशेतल्या चुका आहेत. त्या मुद्द्याला धरून आहेत.

९ ऑक्टोबर
वार्सेनिक हिवाळ्याचं लोणचं घालून गेली आहे. बरणीचं झाकण उघडत नाही. टेबलाच्या कडेवर आपटलं. कड तुटली. झाकण मूर्ख पद्धतीने बनवलेलं आहे. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. माणूस काय दर वेळी दुसरा माणूस घेऊन लोणचं खाणार?
वाळलेली लवाशची रोटी आणि चीज. तिसरा दिवस.
तिचा फोन. अभ्यासिका रिकामी केलीस का, एवढंच विचारलं. मी तिला माझं उत्तर वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदावर लक्षात आलं, पलीकडे कोणी नाही.

१४ ऑक्टोबर
सेमिनार. शर्टाला इस्त्री नव्हती, कोट घालून बसलो. सभागृह भट्टीसारखं तापलेलं.
पार्गेवने रशियन नऊचं उदाहरण दिलं. देव्यात. त्यातला 'द' मूळचा नाही, शेजारच्या दहाकडून, म्हणजे देस्यातकडून, आलेला आहे. आकडे एकमेकांच्या ओळीत उभे राहून एकमेकांसारखे होतात, म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. हे उदाहरण त्याला मी शिकवलं होतं! माझ्याच घरी, माझ्याच बायकोच्या हातची कोबीची भाजी खात शिकला.
मी उठलो. साक्षीदार उभे केले. येरकार, म्हणजे लांब. येरक्न्चेल, म्हणजे भिणं. दोन्हींच्या मुळात 'द्व' आहे, दोन्हींत 'र्क' आहे, आणि या दोघांच्या शेजारी कोणताही तीन राहत नाही. भीती आणि अंतर, याहून भक्कम पुरावा काय असतो?
पार्गेव हळू आवाजात म्हणाला, "सर, मग क्रकिनचं काय करायचं?"
क्रकिन म्हणजे दुप्पट. दोनचंच पोर. त्यात पुढचं 'येर' नाही, सुरुवातीला नुसता 'क' आहे.
मी म्हटलं, याचं उत्तर चहानंतर देतो. चहा न घेता घरी आलो. त्यांचा चहा वाईट असतो.

१६ ऑक्टोबर
निश्चय : ग्युमरीला जायचं, वार्सेनिकला घेऊन यायचं. राग सोडला आहे. मोठेपणा माझा. अभ्यासिकेबाबत माघार नाही.
खिडकीजवळचं कपाट रिकामं केलं. धूळ फार झाली होती. ते रिकामं झाल्यावर तिथे पलंग मावेल असं दिसलं. हे नुसतं निरीक्षण.

१८ ऑक्टोबर, ग्युमरी
खोक्यात गेलो. सासूबाईंनी सूप दिलं. छताखाली बादली, बादलीत थेंब. वार्सेनिक माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून मी सासूबाईंना पार्गेवचा मूर्खपणा समजावून सांगितला. दोनला म्हणे तीनकडून उसनं घ्यावं लागलं!
त्या म्हणाल्या, "पोरगा बरोबर बोलतोय, जावईबापू. आमच्या घरातला एकेक चमचा भूकंपानंतर शेजाऱ्यांनी दिलेला आहे. तुमच्या हातातलासुद्धा." मग म्हणाल्या, "दोनवर आयुष्य घालवलंत. आमच्याकडची पोरं एका दुपारीत शंभरपर्यंत जातात."
ग्युमरीचे लोक स्वतःला विनोदी समजतात.
मी वार्सेनिकला म्हटलं, चल. ती उठली, शाल घेतली, माझ्याबरोबर स्टँडवर आली. मनात म्हटलं, जिंकलो. बॅग नव्हती तिच्या हातात. म्हटलं, विसरली असेल.
व्हॅन भरत आली होती. ड्रायव्हरने विचारलं, किती जागा?
मी म्हणालो, "येर..."
आणि अडकलो. दोन म्हणायचं ठरवून आलो होतो. पण समोर कपाटाची रिकामी जागा आली, ती बादली आली. वार्सेनिक माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या लक्षपूर्वक तिने माझं एकही व्याख्यान ऐकलेलं नाही.
"येर काय, काका?" ड्रायव्हर म्हणाला. "येरकू की येरेक? लोक खोळंबलेत."
मी विचार करत होतो. मला वेळ द्यायला हवा होता.
"मेक," वार्सेनिक म्हणाली, आणि माझ्यासाठी व्हॅनचं दार उघडलं.

१९ ऑक्टोबर, येरेवान
मेक म्हणजे एक. या शब्दावर मी कधी काम केलेलं नाही.