पुढची काच

मंगळवार, कामतघर

डॉक्टरांनी डोळ्यांमुळे रिक्षा बंद करायला लावली, तेव्हापासून हे गप्पच. आज मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर मागून हेही आले. समोरच्या पुलावरून मेट्रोची चाचणी चालली होती. गाडी रिकामी, पण आतले सगळे दिवे लावलेले. शेजारच्या सलमाभाभी सहज म्हणाल्या, "भाईसाब, इसमें ड्रायव्हरच नाही."

ह्यांच्यासमोर कशाला बोलल्या? हे मात्र डोळे बारीक करून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

जेवताना स्वतःहून म्हणाले, "मेट्रोत ड्रायव्हर नाही, म्हणजे पुढची काच मोकळी असणार. आपण तिथे बसू."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"लग्न झाल्यापासून मी पुढे आणि तू मागच्या सीटवर. कधी शेजारी बसलोय का आपण?"

खरंच. रिक्षात मला ह्यांची पाठच दिसायची. मी ह्यांना आणखी एक भाकरी वाढली.

ती पुढची काच अजून डोक्यातून जात नाही. ह्यांना तिच्यातून नीट दिसणार नाही. नाही तर नाही, काय काय येतंय ते मी सांगत जाईन.