पॉपलर बेंडमधल्या दोन जागा

मी, आर्डिथ योर्गेन्सन, पूर्वीची आर्डिथ लार्सन, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सॅनपीट खोरे, युटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी कान न भरता लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी लिहायचे नसते. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात मी फार समजूतदारपणा दाखवला होता. ते रद्द समजावे.

कलम १. माझी माणसे
लमार योर्गेन्सन हा माझा दुसरा नवरा आणि मी त्याची दुसरी बायको. माझा पहिला नवरा डेलबर्ट वारला. लमारची पहिली बायको वर्नेल हीसुद्धा वारली, पण तिला ते अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. मला मूलबाळ नाही. भाची जनील आहे, आणि तीच हे मृत्युपत्र अमलात आणील. लमार आणि वर्नेलची मुलगी क्लॉडीन मला नावाने हाक मारते, आणि तीही नाक मुरडून.

आमच्या चर्चच्या रीतीप्रमाणे चर्चच्याच खास मंदिरात लागलेले लग्न मरणाने तुटत नाही. ती गाठ अनंतकाळाची. लमारची तशी गाठ वर्नेलशी आहे आणि माझी डेलबर्टशी. आम्हा दोघांचे लग्न लागले ते 'या आयुष्यापुरते'. लग्न लावणाऱ्याने हे शब्द अगदी खणखणीत उच्चारले. भाड्याचे घर देताना मुदत वाचून दाखवतात तसे मला झाले. क्लॉडीन पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होती.

डेलबर्टबद्दल माझी तक्रार नाही. तो जेवताना बोलत नसे आणि जेवण झाले की झोपत असे. अनंतकाळात अशी किती जेवणे होतील याचा विचार मी करत नाही.

कलम २. घर
राहते विटांचे घर माझ्या मालकीचे आहे. ते लमारचे नाही आणि वर्नेलचे तर अजिबात नाही, जरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तसे वाटत असले तरी. कारण बैठकीत घड्याळ तिचे, काचेचे कपाट तिचे आणि पियानोवर फोटोही तिचाच. लमारने या घरात तहहयात राहावे, त्यानंतर घर जनीलचे. वर्नेलचे घड्याळ, कपाट आणि फोटो क्लॉडीनने माझ्या अंत्यविधीच्या आधी घेऊन जावेत. आधी म्हणजे आधी. लोक मला निरोप द्यायला येतील तेव्हा वर्नेलने पियानोवरून त्यांचे स्वागत केलेले मला चालणार नाही.

कलम ३. शिल्लक
बँकेतील शिल्लक जनीलची. त्यातून कलम ७ मध्ये सांगितलेल्या माझ्या शेवटच्या प्रवासाचा खर्च आधी वजा करावा. क्लॉडीन म्हणेल, एवढ्या लांब शवपेटी न्यायची म्हणजे चैन झाली. हो, चैनच आहे. जन्मात दुसरी कोणती केली होती मी?

कलम ४. सामान
शिलाईचे यंत्र आणि गोधडी ताणायची लाकडी चौकट जनीलला. तळघरातल्या पीचच्या बरण्या लमारला. वर्नेलच्या पीचमध्ये दालचिनी असायची, असे तो बरणी उघडताना दरवेळी सांगतो. माझ्या पीचमध्ये दालचिनी नाही. आहेत तसे खावेत.

कलम ५. जेवण
दफनानंतर चर्चमधल्या बायका जेवण घालतील आणि त्यात चीज-साय घालून भाजलेले बटाटे असणारच. आमच्याकडे प्रेताशिवाय अंत्यविधी एक वेळ होईल, त्या बटाट्यांशिवाय होणार नाही. माझी अट एवढीच की ते वर्नेलच्या पद्धतीने करू नयेत. क्लॉडीनला गाजर घातलेली हिरवी जेली आणायची असेल तर आणू द्यावी. त्या जेलीला कोणी हात लावणार नाही, तेवढी शिक्षा पुरे.

कलम ६. पॉपलर बेंड
पुढचे कलम कळावे म्हणून हे सांगणे भाग आहे. लमार आणि मी चर्चच्या सेवेसाठी दीड वर्ष कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या पॉपलर बेंड या खेड्यात काढले. आमच्यातली म्हातारी जोडपी अशी जातात. खर्च आपला आपण करायचा, रविवारची प्रार्थना चालवायची, आजाऱ्याला सूप पोचवायचे, दारातला बर्फ उपसायचा आणि गोठलेले नळ सोडवायचे. थंडी अशी की गाडीचे इंजिन विजेला जोडून ठेवावे लागे, नाहीतर सकाळी गाडीचा दगड झालेला असे.

लोक विचारतात, त्या वयात तिथे राहिलीस तरी कशी? अहो, लमारच्या संसारातले तेवढेच दिवस मी एकुलती एक बायको होते! तिथे तिचे घड्याळ नव्हते की तिची मुलगी नव्हती. सेवेत हाक मारतात तशी मी 'सिस्टर योर्गेन्सन' आणि तो 'एल्डर योर्गेन्सन', विषय संपला.

शिवाय आमच्या सेवेत एक नियम आहे: सोबत्याने सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. तो खरे तर तरुण पोरांसाठी आहे, म्हाताऱ्या जोडप्यांवर कोणी सक्ती करत नाही. मी केली. एका विधवेच्या तळघरातला पंप बिघडला, तेव्हा लमार पंपाशी झटत होता आणि मी तिथेच उलट्या बादलीवर बसून होते.

"आर्डिथ, वर जाऊन गरम कोको घे ना, इथं गारठशील," लमार म्हणाला.

"नियम आहे."

"इथं कोण बघतंय?"

"देव बघतोय. आणि या घरची बाई बघतेय, मघापासून जिन्यात उभी राहून."

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास करतो आणि ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेविषयी बोलायचे असते. पहिल्याच महिन्यात लमार उठला आणि रडत रडत त्याने वर्नेलची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. बर्फ वितळायच्या आत सगळ्या पॉपलर बेंडला ठाऊक झाले की वर्नेल किती गोड गायची. एक बाई बाहेर पडताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "किती भाग्यवान हो ती!" मेलेली बाई भाग्यवान, आणि मी तिथे मोज्यांवर मोजे चढवून उभी! मला तिचा हेवा वाटला, वाटतो आणि वाटत राहील. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे.

जानेवारीत गावातली एक म्हातारी वारली. हिवाळ्यात तिथली जमीन कुदळीला दाद देत नाही. म्हणून पेटी दफनभूमीतल्या लाकडी शेडमध्ये ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. दफनभूमी सांभाळतो नेस्तर बोइको. त्याचे आजोबा युक्रेनहून आलेले. तो लग्नाच्या भानगडीत न पडलेला आणि तोंडाचा फटकळ. पेटी आत ठेवून झाल्यावर लमार त्याला शेडच्या दारातच समजावू लागला की मंदिरातली गाठ असली की मरण म्हणजे नुसते वाट पाहणे, मला माझी वर्नेल पुन्हा भेटणारच आहे.

नेस्तरने माझ्याकडे हनुवटी केली. "मग सिस्टरना कोण भेटणार?"

"तिला तिचा डेलबर्ट भेटेल."

"आणि तुम्ही दोघं? समोरासमोर आलात तर ओळख तरी दाखवणार का?"

लमार हसला. "दाखवू की! शेजारी असू आम्ही."

"शेजारी!" नेस्तरने शेडला कुलूप घातले. "माझ्या शेजाऱ्याशी मी बारा वर्षं बोललेलो नाही."

उणे चाळीसच्या थंडीत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पोचेपर्यंत मी चकार शब्द काढला नाही. लमारला वाटले, मला सर्दी झाली आहे.

कलम ७. माझा देह
आता मुद्द्याचे. आमच्या गावच्या दफनभूमीत ग्रॅनाइटचा एक दगड आहे. त्यावर डावीकडे वर्नेल, उजवीकडे लमार आणि मध्ये मंदिराचे चित्र आहे. लमारच्या जन्मसालापुढे आडवी रेघ आणि त्यापुढे कोरी जागा. मागे राहिलेल्याचे नाव आमच्याकडे असे आधीच कोरून ठेवतात, मग फक्त साल भरायचे राहते. दर मे महिन्यात मी तिथे फुले घेऊन उभी राहते आणि माझा नवरा ती कोरी जागा रुमालाने पुसतो. त्या दगडावर तिसरे नाव मावत नाही. मी मापून पाहिले आहे.

क्लॉडीन एकदा तिथेच म्हणाली, "आर्डिथ, तुझी डेलबर्टजवळ जागा आहेच ना? मग तुला कसली काळजी?" बाई मेल्यावर नातेवाइकांनी अर्ज केला तर तिची दुसऱ्या नवऱ्याशीही गाठ बांधून देतात, असे ऐकते. पण अर्ज करणार कोण, क्लॉडीन?

म्हणून सेवा संपायच्या आधी मी पॉपलर बेंडच्या दफनभूमीत एकमेकींना लागून दोन जागा विकत घेतल्या. लमार तेव्हा तिथल्याच कुंपणाला रंग देत होता आणि मला दिसत होता, त्यामुळे नियम मोडलेला नाही.

"दुसरी एल्डरसाठी?" नेस्तरने विचारले.

"त्याला विचारलं नाही अजून."

"मग विचारा की."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

नेस्तरने टोपी काढून डोके खाजवले. "तर मी आहे. अख्ख्या गावाच्या जागा ठरवल्या, माझीच ठरवायची राहिली. आणि वर माझी कुणी वाट बघत नाहीये, सिस्टर, त्यामुळे मला घाई नाही."

तर, माझा देह पॉपलर बेंडला न्यावा आणि त्या दोन जागांपैकी एकीत पुरावा. मी हिवाळ्यात गेले तर मे महिन्यापर्यंत शेडमध्ये थांबेन. मला वाट पाहायची सवय आहे.

लमार, हे तुला. तुझा अनंतकाळ मी मागत नाही. तो वर्नेलचा आहे, रीतसर आणि कायमचा. पण पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत देह जमिनीत पडून असतो, हेही आपल्या चर्चनेच शिकवले आहे. माझ्याशी केलेला करार मरणाशी संपतो आणि तिला तू सदेह मिळणार त्या सकाळी. मधला वेळ कोणाच्याच नावावर नाही, आणि त्यावर मी हक्क सांगत आहे. तुझा आत्मा तोवर वर्नेलकडे जाऊन बसला तर बसू दे. हाडे मला माझ्याजवळ हवीत.

कलम ८. दुसरी जागा
माझ्या लगतची जागा लमार योर्गेन्सन यास. त्याचा देह अन्यत्र पुरला गेल्यास ती जागा नेस्तर बोइको यास, कोणत्याही अटीशिवाय. तसे झाल्यास दोघांवर मिळून एकच दगड बसवावा आणि त्यावर आमची दोघांची नावे असावीत.

पुरवणी
वरचा मजकूर मी जेवणाच्या मेजावर उघडाच ठेवला आणि शेजारणीशी बोलायला फाटकापर्यंत गेले. परत आले तर लमार चष्मा लावून वाचत होता. तो वाचणार हे मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही.

"हा नेस्तर कुठून आला?"

"पॉपलर बेंडहून."

"ते कळलं गं! तुझ्या शेजारी कशाला येतोय तो?"

"तू येणार नसशील तर."

"आर्डिथ, तो माणूस हिवाळाभर आंघोळ करत नाही!"

"मेल्यावर कोण करतं?"

"आणि दगडावर तुझं नि त्याचं नाव? लोक विचारतील, हा तुझा कोण?"

"शेजारी," मी म्हणाले.

लमार कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. माझ्यावरून कोणाचा मत्सर वाटल्याचे त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदाच पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. मग तो खुर्चीत बसला. चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिला.

"वर्नेलला काय सांगू?" त्याने विचारले.

"सांग, थोडा उशीर होईल."

त्याने खिडकीबाहेर पाहिले. "तिकडं वारा उत्तरेकडनं येतो," तो म्हणाला. "उत्तरेची जागा माझी. तू आडोशाला नीज."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. बाहेर आले तेव्हा तो हातात पेन घेऊन बसला होता. "आता त्या नेस्तरचं नाव खोड," म्हणाला.

मी ते खोडलेले नाही. लमारचा शब्द मी मानते, पण क्लॉडीन धडधाकट आहे आणि त्या ग्रॅनाइटवरची जागा अजून कोरी आहे. लमार उत्तरेच्या जागेत प्रत्यक्ष उतरेपर्यंत कलम ८ जसेच्या तसे लागू राहील.

हे सारे मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, आणि खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही करत आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: आर्डिथ योर्गेन्सन, लमार योर्गेन्सनची बायको

साक्षीदार १: बर्नीस ऑलरेड, शेजारीण. सही आमच्यासमोर झाली.
साक्षीदार २: केंट बीसली, निवृत्त टपाल कर्मचारी. सही आमच्यासमोर झाली. लमार योर्गेन्सन त्या वेळी खोलीत होते आणि कलम ८ ला त्यांची हरकत होती, हे त्यांच्या आग्रहावरून नोंदवले आहे.

स्थळ: सॅनपीट खोरे, युटा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०११